अंतराळातली हळद

सेनगावला कचेरीसमोरच्या लिंबाखाली मी अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत झाले, तेही पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही. परंतु मायना कसा असावा हे विचारण्यास तालुक्यातील शिकलेली माणसेसुद्धा माझ्या टेबलाशी येतात, ही वस्तुस्थिती आहे. या धंद्यात मी एक गोष्ट शिकलो. अर्ज अडतो तो बहुधा विषयाच्या ओळीत अडतो. 'रस्ता मिळणेबाबत' असे लिहिले की कागद एका टेबलावर बसून राहतो. तीच मागणी 'पावसाचे पाणी साचत असल्याबाबत' म्हणून पाठवली की दुसऱ्या टेबलावर जाते, आणि पाणी काढण्यास जे येतात ते मुरूम टाकूनच परत जातात. हे कौशल्य मी आयुष्यभर लोकांसाठी वापरले. स्वतःच्या घरासाठी ते एकदाच वापरावे लागले, माझ्या मुलीच्या हळदीला, आणि त्या कामी एका परदेशी सिनेमाची मदत झाली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. साखऱ्याला दिलेली. तिचा गळा आमच्या भागात एके काळी लग्नाच्या साहित्यातच धरला जात असे: मांडव, आचारी, भांडी आणि आक्का. हळद दळताना, नवरीला नहाण घालताना, विहिणीची खोड काढताना, लेक वाटेला लावताना, ज्या त्या प्रसंगाची गाणी तिच्यापाशी होती, आणि समोर जे दिसेल त्यावर ती जागच्या जागी नवी ओळ रचत असे. लोक तिला न्यायला जीप पाठवत. मेहुणे वारले आणि जीप येणे थांबले. हळदीच्या पाटाभोवती सवाष्णींनीच असावे, विधवेने तिथे गळा काढू नये, अशी आमच्याकडची रीत. ती कोणी दारात येऊन आक्काला सांगितली नाही. तिने ती आपणहून, इतर कोणाहीपेक्षा कडक पाळली. लग्नघरी आली तर मागच्या दारी भाजी निवडत बसे आणि हळद उतरेपर्यंत पुढे येत नसे.

यात एक विसंगती होती, आणि विसंगती दिसणे हा माझा व्यवसायच आहे. आक्काच्या शेतात हळद पिकते. शिमग्याच्या आगेमागे तिच्या खळ्यावर ती शिजते, वाळते, घासली जाते, आणि घासणाऱ्या बायकांत आक्का सर्वांत पुढे. तिचे हात मनगटापर्यंत पिवळे होतात. वैशाख आला तरी बोटांची पिवळाई जात नाही. नात्यातल्या प्रत्येक नवरीला जी हळद लागते ती तिच्याच खळ्यातली. म्हणजे तिची हळद चालत होती आणि ती चालत नव्हती.

माझी मुलगी हिंगोलीला एका शाळेत विज्ञान शिकवते. तिचे लग्न जवळा बाजारच्या घरी ठरले तेव्हा तिने आमच्याकडे एकच मागणी केली: हळदीला आत्या गाईल. आक्का लग्नाची हळकुंडे घेऊन आली होती. तिने पोत्याची शिवण उसवता उसवताच नकार दिला.

"माय, दुसरं काय बी माग. उद्या तुह्या संसारात काही कमी-जास्त झालं, तर लोकं म्हनोत न म्हनोत, मीच म्हनीन का माह्या तोंडानं झालं. मंग मी कशी जगू?"

 माझ्या पत्नीचे मत आक्कासारखेच होते, किंबहुना तिला पाहुण्यांची भीती जास्त. मुलगी उठून पोते आत ओढू लागली. पण ती कोणावर गेली आहे हे मला ठाऊक असल्याने विषय संपला असे मी मानले नाही.

त्यानंतरच्या एका दुपारी ऊन फार होते. जेवणे आटोपून आम्ही माजघरात कूलरसमोर बसलो होतो. आमचा कूलर चालू असला की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, मग टीव्हीचा आवाज कुठला. मुलीने स्वतःजवळचा एक परदेशी सिनेमा लावला आणि आवाज बंदच ठेवला. तिला अंतराळाचे सिनेमे फार आवडतात. या सिनेमात एक बाई आणि तिचा नवरा यान घेऊन एका लांबच्या गार ग्रहाकडे निघतात. तिकडे पाणी आहे की नाही ते पाहायला. बोलणे सगळे इंग्रजी. आक्काला त्याची काही अडचण नव्हती, कारण ऐकू येतच नव्हते.

आरंभी दृश्य असे: एका पांढऱ्या खोलीत त्या बाईला बसवले आहे. चार-पाच बायका तिचे हात पुसतात, केस मागे घेऊन टोपीत घालतात, अंगावर काहीतरी चोळतात, मग पांढरा भला मोठा पोशाख चढवतात. बाई मान खाली घालून बसली आहे. आक्का वाती वळत होती. हात थांबले नाहीत, डोळे पडद्यावर होते, आणि ओठ हलू लागले. मी हळूच उठून कूलर बंद केला.

"हळद लागली नवरीला, पिवळं झालं अंगन,
मायच्या बोटांचं बाई गालावरी गोंदन."

कितीतरी वर्षांनी तो आवाज मी ऐकत होतो. थोडा जाड झाला होता, वरच्या सुराला किंचित चिरत होता, पण चाल जशीच्या तशी. स्वयंपाकघरात पत्नी मिरच्या कुटत होती, तीही थांबली. त्या शांततेनेच आक्का भानावर आली. आमच्याकडे पाहून तिने वाती उचलल्या.

"ह्या बाईला हळद लावून राहिले ना," ती म्हणाली, जणू आम्हीच काही चुकीचे पाहिले होते. "गानं न्हाई, काही न्हाई. मुक्यानं लावून राहिले. कसं तरी वाटलं."

मुलीने क्षणाचाही विलंब लावला नाही. ती म्हणाली की, हो आत्या, त्यांच्यात गाणीच नाहीत. आणि ही बिचारी फार लांब चालली आहे, परत येईल की नाही सांगता येत नाही.

"म्हंजे सासरी चालली," आक्का म्हणाली.

त्या वाक्याने संपूर्ण प्रकरणाला दिशा मिळाली. ती नवरी आक्काच्या नात्यातली नव्हती, गावातली नव्हती, पृथ्वीवरसुद्धा फार काळ राहणार नव्हती. तिच्या संसाराला आक्काच्या तोंडून काही लागण्याचा संभव नव्हता. दुसऱ्या दुपारी आक्का स्वतःच म्हणाली, त्या पोरीचं पुढं काय झालं ते लावा.

सूत्रे मी हाती घेतली. अशा कामाला कोणीतरी क्रम लावणारा लागतो. मी रिमोट घेऊन बसे, दृश्य थांबवी, ते कोणत्या विधीत मोडते हे जाहीर करी, आणि आक्का त्यावर गाणे देई किंवा मला खोडून काढी. खोडून काढण्याचे प्रमाण अधिक होते हे नमूद केले पाहिजे. यान एका प्रचंड गाड्यावर चढवून सावकाश मैदानाकडे नेतात आणि दुतर्फा माणसे उभी असतात, हे दृश्य मी वरात म्हणून मांडले.

"वरात कशी? लग्न कुठं लागलं आनखी?" आक्का म्हणाली. "ह्या परण्या व्हय. मारुतीला चालले. तू मानसांचे अर्ज कसे लिहीतोस रे?"

तिचे म्हणणे बरोबर होते. नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेणाऱ्या परण्या निघतात त्या लग्नाच्या आधी. मी दुरुस्ती स्वीकारली. पुढे एक साहेब उलटे आकडे मोजतो आणि शेकडो माणसे श्वास रोखून उभी असतात, ती मंगलाष्टके ठरली. त्याला आक्काने गाणे दिले नाही. भटजीचे काम भटजी करील म्हणाली. फक्त एवढ्या वऱ्हाडात एकाच्याही हातात अक्षता नाहीत याची तिला हळहळ वाटली. खालून धूर आणि जाळ निघाला तेव्हा ती टाळी वाजवून हसली. शोभेची दारू बरी उडवली म्हणाली.

जमिनीवरच्या नियंत्रण कक्षात एक जाड साहेब होता. कानाला यंत्र लावून तो प्रत्येक वेळी नकारार्थी मान हलवी आणि सारखे काहीतरी खात असे. त्याला पाहताच आक्काने पदर सावरला, आणि तिचा खरा गळा सुटला.

"इहीन आली मांडवात, डोईवर भला अंबाडा,
पोट भरलं तरी म्हने, बुंदी आनखी वाढा."

तो साहेब पडद्यावर आला रे आला की विहिणीचे नवे कडवे तयार. त्याच्या टकलावर झाले, पोटावर झाले, त्याच्या खुर्चीवर झाले. मुलगी हसून लोळत होती. पत्नी पिठाचे हात घेऊन दारात उभी राही आणि हसू दाबण्यासाठी पदर तोंडात धरी. शेवटी तिनेसुद्धा एक कडवे जोडले, जे मी येथे लिहू शकत नाही.

मग खिडकीतून पृथ्वी दिसते. आधी खिडकीभर, मग ताटाएवढी, मग लिंबाएवढी. ती बाई काचेला हात लावून पाहत राहते. आक्काने तिथे जे गायले ते बोळवणीचे तिचे जुनेच गाणे होते. कितीदा ऐकले असेल मी. पण त्या चित्रासमोर ते जणू आजच रचल्यासारखे वाटले.

"लेक चालली सासरी, मागं वळून पाहिलं,
मायबापाचं शिवार मुठीएवढं राहिलं."

गंमत अशी की हा सिनेमा मुलीने अनेकदा पाहिला होता. ती म्हणाली, या जागी तिला कधी रडू आले नव्हते.

सिनेमाच्या मध्यावर मात्र आमचे काम अडले. तिथे त्या बाईचा नवरा मरतो. यानातले दिवे एकेक मालवत जातात. बाई अंधारात एकटी बसून राहते, बराच वेळ. मग उठते आणि नवऱ्याच्या जागेवर जाऊन कळ दाबते. मी दृश्य थांबवून विचारले की, हे कशात धरायचे.  आक्काने वाती खाली ठेवल्या होत्या. तिने मला नव्हे, मुलीला विचारले.

"तिला कोनी म्हनलं न्हाई का, आता तू हात लावू नको म्हनून?"

"न्हाई आत्या," मुलगी म्हणाली. "गाडी तिलाच चालवता येत होती."

आक्काने मान हलवली. याला गाणं न्हाई, एवढेच ती म्हणाली, आणि पाणी भरायला उठली. पुढच्या बैठकीत मी ते दृश्य गाळून पुढे नेले. शेवटी बाई त्या गार ग्रहावर उतरते, पहिले पाऊल टाकते. त्याला माप ओलांडण्याचे गाणे लागले आणि आमची मांडणी पूर्ण झाली.

आता मूळ प्रश्न. गाणी सगळी तयार, गळा मोकळा, आणि हळद जवळ आली. तरी पाटाचा विषय काढला की आक्काचा नकार कायम. तेव्हा एका सकाळी लिंबाखाली बसलो असता मला सुचले की, आपण विषयाची ओळच चुकीची लिहीत आहोत. घरी येऊन मी तिघींना बसवले आणि मुद्दे मांडले. आक्का हळदीत गाणार नाही. तिची रीत तिने पाळावी, कोणाची हरकत नाही. आक्का सिनेमाला गाईल. तो सिनेमा मांडवातल्या मोठ्या पडद्यावर लागेल, कारण लग्नाचे चित्रण दाखवायला पडदा तसाही भाड्याने सांगितलेला आहे. सिनेमा चालू असताना त्याच मांडवात हळद लागली तर ती बाब निराळी, तिचा या बाबीशी संबंध नाही.

पत्नी म्हणाली की, जवळ्याची माणसं उष्टी हळद घेऊन येतील तेव्हा त्यांना हे समजावणार कोण. मी म्हणालो, मी. मुलीने ओठ घट्ट दाबून धरले होते, बोलली तर हसली असती. आक्का माझ्याकडे वळली.

"तू लेका साहेबाला बी असंच फसवतोस का?"

"फसवत नाही आक्का. सोय करतो."

तिने अटी घातल्या. तिची खुर्ची पडद्याकडे तोंड करून राहील, पाटाकडे पाठ. ती मागे वळणार नाही, वाटीला हात लावणार नाही. सिनेमा बंद पडला तर गाणे बंद. आणि नवरा मेल्याचे ते चित्र लावायचे नाही, शुभ कार्यात ते नको. सर्व अटी मान्य केल्या. रिमोट माझ्याकडे राहील हेही ठरले.

हळदीच्या सकाळी मांडवात जे दृश्य होते ते आमच्या तालुक्यात पूर्वी कधी दिसले नसावे. एका टोकाला पाट, त्यावर माझी मुलगी, भोवती सवाष्णी, पितळी वाटीत कालवलेली हळद. दुसऱ्या टोकाला पडदा, त्यावर पांढऱ्या पोशाखाची परदेशी बाई. मध्ये पाटाकडे पाठ केलेली आक्का, नव्या लुगड्यात, हात मांडीवर घट्ट धरून. गोरेगावहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी विचारले की, हे काय बुवा, बातम्या लावल्या का. कोणी उत्तर देण्याआधीच पडद्यावरच्या बायकांनी त्या बाईचे केस मागे घेतले, आणि आक्काने सूर लावला.

बायकांना काय करायचे ते सांगावे लागले नाही. पहिल्या ओळीला मागून कोणीतरी झील धरली, दुसऱ्या ओळीला सगळ्यांनी, आणि हात आपोआप वाटीकडे गेले. तिकडे पोशाख चढत होता, इकडे हळद. गाड्यावर यान निघाले तेव्हा पोरीबाळी नाचायला लागल्या. जाड साहेब पडद्यावर येताच तर मांडवात असा हशा पिकला की आचारी चूल सोडून पाहायला आले. त्यांना वाटले पडद्यावर कोणी आपल्यातलाच आहे.

नेमक्या त्याच सुमारास जवळ्याची जीप आली. उष्टी हळद घेऊन नवरदेवाकडच्या बायका उतरल्या. समजावण्याची जबाबदारी माझी असल्याने मी रिमोट खिशात टाकून सामोरा गेलो आणि त्यांना प्रास्ताविकापासून सांगू लागलो. त्या माझे ऐकून घेत होत्या, पण नजरा मांडवात. त्यांच्या मागून नवरदेवाची आजी काठी टेकत येत होती. पांढरे कपाळ. ती खरे तर जीपमध्येच बसून राहणार होती. म्हणे, जीपमध्ये उकडते, आणि मांडवात कोण गाऊन राहिले ते ऐकायचे आहे. माझे निवेदन अर्धे सोडून ती सरळ पुढे गेली आणि आक्काच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

तेवढ्यात माझ्या लक्षात आले की गाणे थांबले आहे.

पडद्यावर दिवे मालवत होते. गाळायचे दृश्य मी गाळले नव्हते. मी खिशात हात घातला, परंतु रिमोट रुमालात गुंतला होता. ती बाई अंधारात बसली होती. मांडवात सगळ्यांचे हात वाटीवर थांबले. पत्नीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन मी करीत नाही.

"गाइना का झाल्या हो?" आजीने आक्काला विचारले. "काय झालं त्या बाईला?"

"नवरा गेला तिचा," आक्का म्हणाली.

"आं. मंग?"

पडद्यावर बाई उठली. नवऱ्याच्या जागेवर गेली. आक्का तिच्याकडे पाहत होती.

"मंग काय," आक्का म्हणाली. "गाडी तिलाच चालवता येती."

आजीने काठी मांडीवर आडवी घेतली आणि मान डोलावली, एखादी साधीच गोष्ट कोणी साधेपणाने सांगितल्यासारखी. म्हणाली, "मंग चालवा की. थांबल्या काहून?"

आक्का उभी राहिली. तिने खुर्ची उचलली, फिरवली, आणि पाटाकडे तोंड करून ठेवली. बसली मात्र नाही. उभ्यानेच तिने हळदीचे पहिले गाणे पुन्हा धरले, आणि या वेळी ते पडद्यासाठी नव्हते. जवळ्याच्या बायका उष्टी हळद घेऊन माझ्या बाजूने पुढे निघून गेल्या. समजावण्याचे जे काही शिल्लक होते ते माझ्यापाशीच राहिले. आजी बसल्या जागेवरून झील धरत होती. तिचा सूर वेगळाच, जवळ्याकडचा, पण तो आक्काच्या सुरात बसला.

सिनेमा तसाच चालू राहिला. ती बाई आपल्या ग्रहावर कधी उतरली, हे कोणीही पाहिले नाही.

त्या दिवशी आक्काने वाटीत बोटे बुडवली की नाही, यावर घरात अजून दोन मते आहेत. पत्नी म्हणते, बुडवली. सासूबाई म्हणतात, नुसता गालावरून हात फिरवला. मुलगी सांगत नाही, फक्त हसते. आक्काच्या बोटांवरून काही ठरवण्याची सोय नाही, कारण ती आधीपासूनच पिवळी होती. मला कोणी शपथेवर विचारले तर मी स्वतः पाहिले तेवढेच लिहून देऊ शकेन: माझ्या मुलीच्या डाव्या गालावर चार बोटे उठली होती, मोठी, शेतात काम करणाऱ्या हाताची, आणि ती पुसली जाऊ नयेत म्हणून मुलगी संध्याकाळपर्यंत त्या कुशीवर निजली नाही.

आता शिमगा झाला की साखऱ्याला जीप येते. लोक मला आधी भेटतात, कारण आक्काच्या तारखा माझ्याकडून घ्याव्या लागतात. काही जण संकोचाने विचारतात की, पडदा लावावा लागतो का. मी सांगतो, सक्ती नाही. पण तो जाड साहेब असला तर विहिणीची गाणी जास्त रंगतात.